बंदुकीचे डावे-उजवे

छऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते. रायफलीला दोन असतात, एक नळीच्या तोंडाशी आणि एक डोळ्याजवळ. त्या एका रेषेत आणल्या की नेम साधतो. शॉटगनच्या नळीच्या टोकाला पितळेचा एक बारीक मणी तेवढा असतो. मागच्या माशीचे काम नेमबाजाचा डोळा करतो. म्हणजे ही बंदूक दुकानातल्या मांडणीवर असते तेव्हा अपुरीच असते. गाल दस्त्याला टेकला की ती पुरी होते, आणि पुरी करणारा अवयव प्रत्येकाचा वेगळा असतो. त्यामुळे डावखुऱ्या माणसाने शिकारीसाठी किंवा क्ले शूटिंगसाठी, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरच्या नेमबाजीसाठी, कोणती बंदूक घ्यावी, हा वरकरणी गिऱ्हाइकाचा प्रश्न एका फार जुन्या वादाच्या तोंडाशी नेऊन सोडतो. माणसाचा स्वभाव कोणता आणि नुसती सवय कोणती? दोहोंचे पटेनासे झाले तर वाकायचे कोणी, माणसाने की वस्तूने?

आधी वस्तूकडे पाहू, कारण ती दिसते तितकी तटस्थ नाही. साध्या दुनळी बंदुकीचा दस्ता नळ्यांच्या रेषेत सरळ मागे जात नाही. खांदा डोळ्याच्या बरोबर खाली नसून बाजूला असतो, म्हणून उजव्या खांद्यासाठी घडवलेला दस्ता तीन-चार मिलिमीटर उजवीकडे कललेला असतो. नळ्या उघडण्याची कळ उजव्या अंगठ्याने उजवीकडे ढकलायची असते. दोन चाप असतील तर पुढचा चाप उजवी नळी उडवतो. अर्धस्वयंचलित बंदुकीत रिकामे काडतूस उजवीकडच्या खिडकीतून बाहेर फेकले जाते. तीच बंदूक डाव्या खांद्याला लावली की ते तापलेले नळकांडे नेमबाजाच्या नाकासमोरून आडवे जाते. चापाजवळचे सेफ्टीचे बटण उजव्या तर्जनीने डावीकडे दाबण्याच्या बेताने बसवलेले असते. यातले एकही अंग बंदूक या कल्पनेतून निघत नाही. ‘बंदूक’ म्हणून जी विकली जाते ती उजव्या हाताची बंदूक असते. फक्त तसे म्हणण्याची गरज कोणाला भासत नाही. विशेषण लागते ते ‘डाव्या हाताच्या बंदुकी’ला.

हा फरक किती मोठा, ते साध्या त्रैराशिकाने कळते. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर सुमारे ९५ सेंटिमीटर धरा. दस्ता चुकीच्या बाजूला कललेला असल्यामुळे डोळा नळीच्या मध्यरेषेपासून ६ मिलिमीटर सरकला, तर ३० मीटरवर ती चूक जवळजवळ १९ सेंटिमीटर होते. ज्या चकतीवर नेम धरायचा तिचा व्यास ११ सेंटिमीटर. छर्रे पसरतात म्हणून थोडी चूक झाकली जाते, पण थोडीच. आणि गालाखालच्या लाकडामुळे होणारी ही चूक नेमबाजाला दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्याला मणी लक्ष्यावरच दिसत असतो. आपण बरोबर आहोत अशी पक्की खात्री आणि तरीही फसलेला बार! धर्मविचारात हा अनुभव नवा नाही.

डाव्या बाजूबद्दल धर्मांनी आणि भाषांनी काय म्हटले आहे, ते आपल्याला मराठीतच सापडते. एखाद्याला ‘डावलले’ म्हणतो तेव्हा डावा हात ऐकू येतो, एखादा दुसऱ्यापेक्षा ‘उजवा’ ठरतो, मुलगी ‘उजवतात’, आणि पक्षपात करू नका हे सांगायला आपण ‘डावे-उजवे करू नका’ म्हणतो. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, दक्षिणा उजव्या हाताने द्यायची, प्रदक्षिणेत देव उजवीकडे ठेवायचा. जानवे देवकार्यात डाव्या खांद्यावर असते आणि पितृकार्यात उजव्या खांद्यावर जाते. बाजू बदलली की लोक बदलतो. ख्रिस्ती परंपरेत अखेरच्या न्यायाच्या वेळी मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे काढली जातात. कुराणात उजव्या बाजूचे आणि डाव्या बाजूचे असे दोन वर्ग आहेत आणि दुसऱ्याची गत चांगली नाही. रोबेर हेर्ट्झ या फ्रेंच अभ्यासकाने १९०९ मध्ये उजव्या हाताच्या श्रेष्ठत्वावर एक निबंध लिहिला. शरीरातला फरक लहान आहे, तो डोंगराएवढा केला तो पवित्र-अपवित्र या धार्मिक विभागणीने, असा त्याचा मुद्दा. १९१५ मध्ये तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याचा मुद्दा मात्र अजून कोणी पुरता खोडून काढलेला नाही.

गंमत अशी की, ज्या ग्रंथांनी उजव्याला मान दिला त्यांनीच शस्त्र हाती आले की डाव्याची बाजू घेतली आहे. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात बन्यामीन वंशातले सातशे डावखुरे गोफणवाले येतात; केसावर नेम धरला तरी त्यांचा धोंडा चुकत नसे. बन्यामीन या नावाचा अर्थच उजव्या हाताचा पुत्र! आपल्याकडे अर्जुन सव्यसाची आहे, डाव्या हातानेही धनुष्य ओढणारा. विराटपर्वात तो उत्तराला आपल्या या नावाचा अर्थ सांगतो तेव्हा म्हणतो की गांडीव ओढताना माझे दोन्ही हात दक्षिणच आहेत. म्हणजे डाव्या हाताची थोरवी सांगायलाही त्याला उजवे म्हणावे लागले. आणि ज्याला दोन्ही हात सारखे चालत होते त्याच अर्जुनाच्या श्रेष्ठत्वासाठी एकलव्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागितला गेला, हे महाभारत शांतपणे सांगून पुढे जाते. डावखुरेपणाची चर्चा करणाऱ्याने तिथे थोडा वेळ थांबायला हरकत नाही.

हा वाद तत्त्वज्ञानात पहिल्यांदा नीट मांडला तो प्लेटोने, आणि तोही शस्त्रांच्याच निमित्ताने. ‘लॉज’ या संवादाच्या सातव्या भागात त्याने म्हटले आहे की जन्मतः दोन्ही हात जवळजवळ सारखे असतात. एक हात लुळा होतो तो दायांच्या आणि आयांच्या अडाणीपणामुळे. वीणेसारखे वाद्य एका हातात आणि ते छेडायची नखी दुसऱ्या हातात धरली तर फारसे बिघडत नाही. शस्त्राच्या बाबतीत मात्र बिघडते, आणि शकांचे उदाहरण घ्या, ते कोणत्याही हाताने धनुष्य ओढतात. ॲरिस्टॉटलला हे मान्य नव्हते. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो निसर्गसिद्ध न्याय आणि रूढिसिद्ध न्याय यांच्यात फरक करतो आणि दाखला देतो हाताचाच: उजवा हात निसर्गतः बळकट असतो, तरी सगळे जण दोन्ही हात सारखे चालवायला शिकू शकतील. निसर्गसिद्ध म्हणजे अचल नव्हे, हे त्याला सांगायचे होते. माझ्या मते दोघांच्याही हातून एकच गोष्ट सुटली. एक म्हणतो सवय, दुसरा म्हणतो निसर्ग. पण दोघेही ‘माणसाचा हात’ असे सरसकट बोलतात. दहांतला जो एक डावखुरा असतो त्याचा निसर्ग वेगळा असू शकतो, हा विचार दोघांच्याही मांडणीत बसत नाही. प्लेटो त्याला उजवा हात शिकवील, ॲरिस्टॉटल त्याला अपवाद म्हणेल.

इथे कांट उपयोगी पडतो. १७६८ च्या एका लहान निबंधात त्याने डाव्या आणि उजव्या हाताचे कोडे घातले. दोन्ही हातांची लांबी, रुंदी, बोटांची मापे, त्यांच्यातली अंतरे सगळी सारखी असू शकतात. वर्णनात काही फरक उरत नाही. तरी एका हाताचा मोजा दुसऱ्या हातात जात नाही. हा फरक वस्तूच्या भागांच्या याद्यांमध्ये सापडत नाही. कांटला त्यातून अवकाशाबद्दल बोलायचे होते. मला न्यायाबद्दल बोलायचे आहे. डाव्या आणि उजव्या बंदुकीचे वजन, बोअर, नळीची लांबी, दस्त्याचा कल किती मिलिमीटर, सगळे एकच. ‘दोघांना सारखीच बंदूक दिली’ हे वाक्य कागदावर खरे ठरते आणि खांद्यावर खोटे पडते. सारखे देणे आणि बरोबर बसेल असे देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या उघडपणे दाखवणारी वस्तू दुसरी क्वचितच सापडेल.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग ठरलेच की. डावखुऱ्याने डावी बंदूक घ्यावी, वाकायचे ते वस्तूने. पण इतके सरळ असते तर हा लेख लिहावा लागला नसता. नेम धरतो तो डोळा, हात नव्हे. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांत बहुधा एक मुख्य असतो. दोन्ही उघडे असताना मेंदू त्याचेच ऐकतो. बहुतेकांचा तो उजवा असतो, आणि डावखुऱ्यांमध्येही पुष्कळांचा उजवाच असतो. असा माणूस हाताच्या निष्ठेपायी डावी बंदूक घेऊन डाव्या खांद्याला लावतो, दोन्ही डोळे उघडे ठेवतो आणि नकळत उजव्या डोळ्याने नेम धरतो. दोन डोळ्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरहून थोडे जास्त; आधीच्याच हिशेबाने ३० मीटरवर त्याचा बार लक्ष्याच्या उजवीकडे सुमारे दोन मीटर जातो. तिथे छऱ्यांचा पसाराही मदतीला येत नाही. जगाने ज्याला लहानपणापासून डावखुरा म्हटले, ज्याने तो शब्द चिडवण्यासारखा सोसला आणि पुढे अभिमानाने मिरवला, तो या एका कामापुरता उजवा निघतो.

स्वधर्माची चर्चा आपल्याकडे गीतेच्या आधारे होते, आणि तिचा सगळा भार स्वभाव या शब्दावर आहे. आपल्या स्वभावाला धरून असलेले काम उणे असले तरी बरे, असा तो विचार. त्यावरचा जुना आणि रास्त आक्षेप असा की, हा स्वभाव ठरवतो कोण? इतिहासात तो बहुतेक वेळा दुसऱ्यांनी ठरवला, जन्मावरून ठरवला, आणि एकदा ठरला की तपासला नाही. एकलव्याचा स्वभाव त्याच्या बाणांनी सांगितला होता, पण त्याचा स्वधर्म वेगळ्याच यादीतून वाचला गेला. मला वाटते, स्वभावाला मान देणारा विचार टिकवायचा असेल तर स्वभाव कळण्याची रीत बदलायला हवी, आणि बंदूक बसवून देणारे कारागीर ती रीत जुन्या काळापासून वापरतात. लंडनचे पर्डी हे दुकान १८१४ चे, हॉलंड अँड हॉलंड १८३५ चे. अशा घरांत दस्ता घडवण्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात एक मापाची बंदूक देतात. तिचा दस्ता बिजागऱ्यांवर हलतो, वरखाली होतो, डावीउजवीकडे वळतो. गिऱ्हाईक ती खांद्याला लावतो, कारागीर समोरून त्याच्या डोळ्यात पाहतो, बार काढायला लावतो आणि मग आकडे लिहून काढतो. तुम्ही कोण आहात असे तो विचारत नाही. स्वभावाबद्दलचे मत आधी बांधायचे नाही, ते लक्ष्याकडून तपासून घ्यायचे, हा त्या दुकानाचा धर्म. वर्णनापेक्षा बाराला महत्त्व.

ज्याचा हात एकीकडचा आणि डोळा दुसरीकडचा, त्याच्यापुढे मग चार वाटा असतात. खांदाच बदलायचा आणि हाताला नवे वळण लावायचे. वय लहान असेल तर ही वाट उत्तम, चाळिशीनंतर ती कठीण. नेम धरताना मुख्य डोळा मिटायचा, म्हणजे अंतराचा अंदाज आणि वेगाने जाणाऱ्या लक्ष्याची जाण थोडी गमवायची. चष्म्याच्या काचेवर मुख्य डोळ्यासमोर चिकटपट्टीचा लहान ठिपका लावायचा, म्हणजे उजेड सगळा मिळतो पण नळीच्या टोकाचा मणी त्या डोळ्याला दिसत नाही. किंवा दस्ताच इतका वाकवून घ्यायचा की एका खांद्याला लावलेली बंदूक दुसऱ्या डोळ्याखाली यावी. हे शेवटचे दस्ते पाहायला विचित्र असतात, एखादे झाड भिंतीला वळसा घालून वाढावे तसे. डोळा गमावलेल्या पण खांदा सोडवत नसलेल्या माणसांसाठी ते केले जात. यातली कोणतीही वाट दुसरीपेक्षा पवित्र नाही. पहिल्या वाटेत माणूस वाकतो, शेवटच्या वाटेत लाकूड वाकते, मधल्या दोन वाटांत दोघांनी तडजोड केलेली असते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप शिस्तीच्या बाजूने येतो. प्रत्येकाने आपल्या स्वभावाची बंदूक मागितली तर समाज चालेल कसा? रस्त्याची एक बाजू ठरवावीच लागते. चकमकीच्या बंदुकांच्या काळात खटका उजव्या अंगाला असे. डाव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याच्या तोंडावर ठिणग्या उडाल्या असत्या आणि रांगेचा ताल बिघडला असता, म्हणून सैन्यात सगळे खांदे उजवे. ब्रिटिश लष्कराने १९८५ मध्ये घेतलेली एसए८० रायफल तर उजव्या खांद्यावरूनच चालवता येते, तिथे डावखुऱ्या शिपायाला स्वभाव विचारला जात नाही. आक्षेप खरा आहे, पण तो रांगेपुरता खरा आहे. रस्ता, रांग, हस्तांदोलन ही माणसांनी एकमेकांशी जुळवून घेण्याची कामे. तिथे रूढी हेच सत्य असते, बाजू कोणतीही चालते, एकच असली म्हणजे झाले. प्रसादाचेही तेच. उजवा हात पुढे करणे ही खूण आहे, खुणेला अर्थ समूहाने दिलेला असतो, आणि तो पाळण्यात डावखुऱ्याचे काही हिरावले जात नाही. क्लेवर नेम धरणारा मात्र कोणाशी जुळवून घेत नसतो. त्याचे काम बाहेरच्या एका वस्तूशी आहे आणि त्या वस्तूला आपल्या रूढीची गंधवार्ता नाही. जिथे कर्माचा निकाल माणसांच्या संमतीवर नसून जगाच्या उत्तरावर अवलंबून असतो, तिथे रूढीचा अधिकार संपतो. उजव्या हाताच्या रूढीची चूक झाली ती इथे: खुणेच्या क्षेत्रातला नियम तिने औजाराच्या क्षेत्रात नेला.

दुसरा आक्षेप अहिंसेचा. जीव घेण्याच्या साधनात न्याय आणि नीती शोधणे हेच मुळात विसंगत नाही का? आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हौसेच्या शिकारीला जागाच उरलेली नाही, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. पण ब्रिटनमध्ये दर वर्षी १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंटची शिकार कायद्याने होते, आणि तिथे न बसणाऱ्या बंदुकीचा दंड नेमबाज भरत नाही. छऱ्यांच्या कडेला सापडलेला पक्षी लगेच मरत नाही. पंख मोडून झुडपात पडतो आणि दोन दिवसांनी मरतो. शिकार करूच नये असे मानणाऱ्यानेही, करणाऱ्यावर काही कर्तव्य उरत नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. उलट ते वाढते. डावखुऱ्या शिकाऱ्याने ‘सवय होईल हळूहळू’ म्हणून उजवी बंदूक घेणे यात काटकसर असेल, पण त्या हळूहळूची किंमत पक्षी देतात. सवय लावायचीच तर ती क्लेवर लावावी. क्लेचा इतिहासही हेच सांगतो. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरे उडवून मारली गेली. ब्रिटनने पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्यांवर बार काढण्याला १९२१ मध्ये कायद्याने बंदी घातली. चुनखडी आणि डांबराची चकती त्यांच्या जागी आली आणि कबुतराचे नाव तेवढे तिला चिकटून राहिले. चुकलेली चकती गवतात पडते आणि कोणालाही दुखत नाही. स्वभाव तपासायला याहून बरी जागा नाही.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि त्याला मी फार जागा देणार नाही. डाव्या हाताच्या बंदुकी कमी बनतात, मॉडेले मोजकी असतात, विकायला काढल्या तर गिऱ्हाईक सावकाश मिळते. हे खरे. पण उजवी आणि डावी यांच्यामध्येही बरीच जागा आहे, आणि अनुभवी डावखुरे तिथेच वावरतात. एकावर एक नळी असलेल्या बंदुकीत रिकाम्या काडतुसाचा प्रश्नच येत नाही. तिचा दस्ता सरळ करून घेता येतो किंवा गरम तेलाने डावीकडे वाकवून घेता येतो. पंप बंदुकीत इथाका ३७ आणि ब्राउनिंग बीपीएस यांची काडतुसे खालून भरली जातात आणि खालूनच पडतात. मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली मधोमध आहे. अनेक बंदुकांचे चापाजवळचे बटण बंदूकदुरुस्तीवाला उलटे बसवून देतो. म्हणजे डावे-उजवे न करणारी वस्तू बनवणे अशक्य नव्हते. फक्त ते कोणाच्या तरी लक्षात यावे लागत होते.

तेव्हा ज्याला खरोखर बंदूक घ्यायची आहे त्याने दुकानात हात पुढे करण्याआधी एवढे करावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या फटीतून दूरचा एखादा खांब पाहावा, मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला खांब जागेवर दिसतो तो मुख्य. तो डावा असेल आणि हातही डावा असेल तर खर्चाकडे न पाहता डावीच बंदूक घ्यावी. तो उजवा असेल आणि वय लहान असेल तर संकोच न करता उजवी घ्यावी. त्यात आपल्या डावखुरेपणाचा पराभव झाला असे मानू नये. आणि दोन्ही डोळे सारखेच वाटले तर कोणाचा सल्ला ऐकण्याआधी सरळ दस्त्याची बंदूक उसनी घेऊन दोन्ही खांद्यांवरून पंचवीस-पंचवीस क्ले उडवून पाहाव्यात, आणि फुटलेल्या मोजाव्यात.